केपोंगचं जंगल आणि बदली झाडांचा हिशेब

जुलै २०२५ मध्ये पॅरिसला जागतिक वारसा समितीची बैठक भरली आणि रायगड, राजगड, शिवनेरी, प्रतापगड, सिंधुदुर्ग यांच्यासह मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले. महाराष्ट्रात जल्लोष झाला आणि तो व्हायलाच हवा होता. त्याच बैठकीत, त्याच यादीत आणखी एका जागेचं नाव दाखल झालं. त्याची आपल्याकडे फारशी चर्चा झाली नाही. ही जागा म्हणजे क्वालालंपूरच्या वायव्येला, सेलांगोर राज्यातल्या केपोंग इथलं मलेशियाच्या वनसंशोधन संस्थेचं जंगल. इंग्रजी आद्याक्षरांवरून या संस्थेला सगळे ‘फ्रिम’ म्हणतात.

जंगल वारसा यादीत जाण्यात काही नवं नाही. आपला पश्चिम घाट २०१२ सालीच त्यात गेला; कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी त्यातच आहेत. पण पश्चिम घाटाची नोंद झाली नैसर्गिक वारसा म्हणून, आणि केपोंगच्या जंगलाची झाली सांस्कृतिक वारसा म्हणून. आपले किल्ले ज्या वर्गात आहेत, त्याच वर्गात हे जंगल आहे, कारण ते माणसांनी उभं केलेलं आहे. शंभर वर्षांपूर्वी तिथे कथिलाच्या खाणींनी उकरून टाकलेली जमीन होती. आज तिथे पाचशेहून अधिक हेक्टरांवर उंच, घनदाट, ओलं जंगल आहे.

हे जंगल मी पाहिलं, आणि तिथून आल्यावर माझं म्हणणं आणखी पक्कं झालं. उजाड जमिनीवर वर्षावनाच्या जवळ जाणारं जंगल उभं करता येतं, याचा इतका मोठा आणि इतका जुना पुरावा जगात दुसरा सहज सापडणार नाही. पण हा पुरावा आहे मोडलेलं दुरुस्त करण्याच्या बाजूचा. शाबूत जंगल तोडा, त्याबदल्यात दुसरीकडे लावून देऊ, असं म्हणणाऱ्यांना तो हाताशी धरता येणार नाही. केपोंगची गोष्ट शेवटपर्यंत ऐकली तर ‘बदली झाडं’ ही कल्पनाच टिकत नाही. भारतात आज वनजमिनीबद्दलचे कितीतरी मोठे निर्णय याच कल्पनेच्या टेकूवर उभे आहेत, म्हणून मलेशियातल्या या जंगलाबद्दल मराठीत बोलायला हवं.

क्वालालंपूर शहरच मुळात कथिलामुळे वसलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर खाणकामगार गोंबाक आणि क्लांग नद्यांच्या संगमापाशी उतरले आणि पुढची कित्येक दशकं आसपासचं खोरं उपसलं जात राहिलं. कथिलाचं खनिज गाळात मिसळलेलं असतं. ते काढायचं तर आधी झाडं काढायची, मग माती पाण्याच्या जोरावर फोडून तिचा चिखल करायचा आणि तो उतरत्या पन्हळीतून वाहू द्यायचा. जड खनिज तळाशी बसतं, बाकी सगळं वाहून जातं. काम संपलं की मागे उरतात पाण्याने भरलेले खड्डे आणि वाळूचे ढिगारे. त्या वाळूत पालापाचोळ्याचा अंश नसतो, पाणी धरून ठेवायची ताकद नसते, आणि दुपारी ती इतकी तापते की कोवळं रोप बुंध्याशीच होरपळतं.

ब्रिटिश मलायाच्या वनखात्याला १९२०च्या दशकात संशोधन केंद्रासाठी जागा हवी होती. अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ फॉक्सवर्दी यांनी केपोंग निवडलं. तेव्हा तिथे खाणीची तळी होती, उतारावर भाजीपाल्याचे मळे होते, आणि मूळ जंगल म्हणून उरली होती ती डोंगराच्या धारेवरची मोजकी झाडं. १९२९ मध्ये संस्था सुरू झाली आणि त्याच सुमारास वृक्षसंग्रह लावायला घेतले गेले: एक डिप्टेरोकार्प कुळातल्या झाडांचा, एक बाकीच्या कुळांचा. मेरांती, केरुइंग, चेंगाल, कापूर ही तिकडची नावाजलेली इमारती लाकडं याच डिप्टेरोकार्प कुळातली.

हेतू उदात्त होता असं मी म्हणणार नाही. साम्राज्याला लाकूड हवं होतं. कोणतं झाड किती वेगाने वाढतं, कोणतं लाकूड वाळवी खात नाही, कोणत्या खांबाला किती भार पेलतो, हे कळायला हवं होतं. पण काम मात्र चोख झालं. कोणतं रोप कुठून आणलं, कधी लावलं, कितीने वाढलं, कधी मेलं, याच्या नोंदी ठेवल्या गेल्या. पुढे महायुद्ध आलं, जपानी फौजा आल्या आणि गेल्या, कम्युनिस्ट बंडाचा काळ आला, १९५७ मध्ये देश स्वतंत्र झाला, १९८५ मध्ये संस्था वनखात्यातून वेगळी होऊन स्वायत्त झाली. झेंडे बदलले, पण त्या जमिनीचं काम बदललं नाही. केपोंगमधली माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे, आणि ती कोणत्याही छायाचित्रात दिसत नाही.

छायाचित्रात दिसतो तो कापराचा पट्टा. तिथे गेलेला प्रत्येक माणूस उभा राहून मान वर करतो. मीही केली. सरळसोट खोडं, कित्येक मीटर उंचीपर्यंत एक फांदी नाही, आणि अगदी वर पानांचा मांडव. पण हा मांडव सलग नाही. प्रत्येक झाडाचा शेंडा शेजारच्या शेंड्यापासून थोडासा अंतर राखून थांबलेला, आणि दोन शेंड्यांमधून आकाशाची बारीक पांढरी रेघ वळणं घेत गेलेली. वारा आला की सगळे शेंडे हलतात आणि त्या रेघाही हलतात, पण बुजत नाहीत. खाली पडलेलं एखादं पान उचलून चुरगळलं की बोटांना कापराचा वास येतो. आपल्या देवघरात ज्याचा मान होता तो अस्सल भीमसेनी कापूर याच जातीच्या जुन्या झाडांच्या खोडातल्या भेगांमध्ये स्फटिक होऊन साचायचा. तो मिळवायला झाड पाडावं लागे, आणि पाडलेल्या कितीतरी झाडांत तो सापडतच नसे. आज आपण आरतीला लावतो तो बहुतेक कापूर कारखान्यात टर्पेंटाइनपासून तयार होतो.

शेंड्यांमधल्या या अंतराचं कारण काय, यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. वाऱ्याने फांद्या एकमेकींवर घासतात, टोकं झिजतात आणि त्यातून फट पडते, असं एक मत आहे. याच संस्थेतले वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रान्सिस एन्ग यांनी १९७०च्या दशकात इथल्या कापराच्या झाडांची टोकं तपासली, तेव्हा त्यांना घासल्याच्या खुणा मिळाल्या नाहीत. शेजाऱ्याची सावली जवळ आली की वाढतं टोक ते ओळखतं आणि थांबतं, असं त्यांनी सुचवलं. यातलं कोणतं खरं हे ठरवायची माझी पात्रता नाही. पण त्या झाडांखाली उभं राहिल्यावर माझ्या मनात वेगळाच विचार आला. ही नक्षी सगळ्यात स्पष्ट दिसते ती एकाच जातीची, एकाच वयाची झाडं शेजारीशेजारी असतात तिथे. म्हणजे जगभर ‘निसर्गाचा चमत्कार’ म्हणून फिरणारं हे दृश्य इतकं ठसठशीत दिसतं, ते कुणीतरी एका जातीची रोपं एका वेळी लावली म्हणून. मूळ जंगलात एका कापराच्या शेजारी दुसऱ्याच कुळातलं झाड, त्याच्या खाली तिसरं, त्याच्यावर चढलेली चौथी वेल. तिथे मान वर केली तर दिसतो गोंधळ. लावलेल्या जंगलाचं सौंदर्य खरंच असतं, पण ते त्याच्या लावलेपणाचीही साक्ष देत असतं.

हा फरक फ्रिमच्या लोकांइतका कुणालाच ठाऊक नसेल. कारण याच संस्थेने १९८०च्या दशकात नेगेरी सेंबिलान राज्यातल्या पासोह इथल्या मूळ जंगलात ५० हेक्टरांचा एक तुकडा आखून घेतला आणि त्यातलं एक सेंटिमीटर जाडीपासूनचं प्रत्येक खोड मोजलं, ओळखलं, नकाशावर टिपलं. सव्वातीन लाखांहून अधिक खोडं भरली. त्यांच्या जाती आठशेहून अधिक. ५० हेक्टर म्हणजे सव्वाशे एकरांच्याही आत. एवढ्याशा जागेत आठशे जातींची झाडं, आणि त्यातल्या कितीतरी जातींची अख्ख्या तुकड्यात बोटांवर मोजण्याइतकीच. कोणत्या रोपवाटिकेतून हे आणणार? कोणत्या निविदेत लिहिणार? केपोंगला जंगल उभारणारी संस्थाच पासोहचं मूळ जंगल जपते आणि मोजते. लावलेलं जंगल मूळ जंगलाची जागा घेतं असं तिला वाटलं असतं, तर पासोहची मोजणी हाती घ्यायची गरजच नव्हती.

रोपवाटिकेचा मुद्दा आणखी थोडा उलगडून सांगतो, कारण आपल्याकडे झाडं लावायची म्हणजे रोपं मागवायची इतकंच गृहीत धरलं जातं. डिप्टेरोकार्प झाडं दरवर्षी फुलत नाहीत. कित्येक वर्षं ती गप्प असतात, मग एखाद्या वर्षी, बहुधा कोरड्या आणि नेहमीपेक्षा थंड हवेच्या सुरुवातीनंतर, मैलोन्‌मैल पसरलेल्या जंगलातली अनेक जातींची झाडं एकाच हंगामात बहरतात. पंखांची फळं गरगरत खाली येतात. त्यांचं बी साठवता येत नाही. काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत, रुजलं नाही तर मरतं. रुजलेल्या रोपाला सुरुवातीची वर्षं सावली लागते, आणि मुळांशी विशिष्ट बुरशी जोडली गेली नाही तर ते खुरटतं. म्हणजे बी हवं तर आधी मोठं जंगल हवं, सावली हवी तर आधी उभी झाडं हवीत, बुरशी हवी तर आधी जिवंत माती हवी. केपोंगला हे जमलं याचं एक कारण असं, की संस्थेला लागूनच बुकित लागोंगचं राखीव जंगल आहे. पक्ष्यांनी, वटवाघळांनी, उदमांजरांनी तिकडून बिया आणल्या. माणसांनी लावलेल्या झाडांच्या सावलीत न लावलेली झाडं उगवली. शेजारचं मूळ जंगल आधीच तोडलं गेलं असतं, तर केपोंगची बाग फार तर एक सुंदर बागच राहिली असती.

आणि हे सगळं जमूनही वेळ लागतो तो लागतोच. २०२१ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. अमेरिका खंडातल्या आणि पश्चिम आफ्रिकेतल्या ७७ ठिकाणची, शेती किंवा कुरण सोडून दिल्यावर आपोआप परत येणारी उष्णकटिबंधीय जंगलं त्यात तपासली होती. माती दहा वर्षांच्या आत बरीचशी सावरते. जंगलाची ठेवण आणि जातींची संख्या मूळ जंगलाच्या जवळ यायला २५ ते ६० वर्षं जातात. पण कोणत्या जाती किती प्रमाणात, ही मूळची बांधणी परतायला आणि लाकूड-पाल्याचा साठा पूर्ण भरायला १२० वर्षांहून अधिक काळ लागतो. ही गोष्ट शेतांची आणि कुरणांची झाली, खाणीच्या वाळूची नाही. केपोंगची शंभरी २०२९ मध्ये भरेल, तरी या मोजमापाने ते जंगल अजून वाटेतच असेल.

माझ्या या सगळ्या म्हणण्यावर एक आक्षेप येऊ शकतो, आणि तो विचार करण्याजोगा आहे: मग लावलेल्या जंगलाची किंमत शून्य धरायची का? मूळ जंगल तेवढं पवित्र आणि बाकी सगळं खोटं? असं मी मुळीच म्हणत नाही. मूळ जंगल म्हणून आपण ज्यांच्याकडे बोट दाखवतो त्यांच्यावरही माणसाचा हात फिरलेला असतो. कोकणातल्या देवराया तर माणसाच्या श्रद्धेनेच राखलेल्या. आणि भारतात, मलेशियात, जगभर इतकी जमीन खरवडली गेली आहे की लावलेल्या जंगलावाचून गत्यंतर नाही. तमिळनाडूत आनैमलैच्या डोंगरांत, वालपारईच्या चहा-कॉफीच्या मळ्यांमध्ये उरलेल्या जंगलाच्या तुकड्यांवर नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनचे दिव्या मुडप्पा आणि टी. आर. शंकर रामन गेली पंचवीसेक वर्षं काम करत आहेत. स्थानिक जातींच्या बिया गोळा करायच्या, त्यांची रोपवाटिका करायची, टणटणी काढायची, तुकड्यात जे नाहीसं झालंय तेच परत लावायचं. मळेवाल्यांना विश्वासात घेऊन, शांतपणे, वर्षानुवर्षं. अशा कामाला सरकारी बळ मिळालं तर सह्याद्रीचा चेहरा बदलेल. केपोंगने दाखवलेला रस्ता हाच आहे: जे बिघडलं आहे तिथे जा आणि तिथेच थांबा.

गडबड होते ती तिथून पुढे, बिघडलेलं सुधारता येतं या आधारावर चांगलं बिघडवायची परवानगी मागितली जाते तेव्हा. खुद्द सेलांगोरमध्ये हे घडलं. २०२०च्या सुरुवातीला तिथल्या राज्य सरकारने क्वाला लांगात उत्तर या राखीव जंगलाचा मोठा भाग राखीव यादीतून काढायचा प्रस्ताव आणला. दलदलीचं, पीट मातीचं, म्हणजे पाण्याखाली अर्धवट कुजून साचलेल्या पालापाचोळ्यावरचं जंगल ते. तेमुआन आदिवासींच्या वस्त्या त्याच्या आधाराने जगतात. बदल्यात दुसरीकडची जमीन राखीव करू असं सांगितलं गेलं. लोकांनी हजारोंनी हरकती नोंदवल्या. तरीही २०२१ मध्ये पाचशेहून अधिक हेक्टर जंगल यादीतून वगळलं गेल्याचं उघड झालं. मग मात्र असा गदारोळ उठला की त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सरकारला निर्णय फिरवावा लागला. ज्या राज्यात जगातलं सगळ्यात नावाजलेलं लावलेलं जंगल आहे, त्याच राज्यात हजारो वर्षांत साचलेल्या पीटच्या बदल्यात दुसरा भूखंड देता येतो असं मानणारे लोक निघाले. केपोंगचा धडा केपोंगच्या शेजाऱ्यांनीही आपोआप घेतला नाही. लोक उठले म्हणून जंगल वाचलं.

आता आपल्याकडे येऊ. १९८०च्या वन संवर्धन कायद्यापासून वनजमीन दुसऱ्या कामासाठी वळती करायची तर पर्यायी वनीकरण करावं लागतं. २०१६ मध्ये त्याच्या निधीसाठी स्वतंत्र कायदा झाला. कागदावर यात वावगं काही नाही. नुकसान केलंत तर भरपाई द्या, एवढाच त्याचा अर्थ. पण व्यवहारात ही भरपाई नुकसानाचं समर्थन होऊन बसली आहे. परवानगीच्या कागदावर एका रकान्यात तुटणारं जंगल, शेजारच्या रकान्यात लावायची झाडं, आणि दोन्ही जुळली की सही.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण आज ग्रेट निकोबार बेटावर घडतं आहे. मालवाहू बंदर, विमानतळ, वीजप्रकल्प आणि नवं शहर यांसाठी तिथलं सुमारे १३० चौरस किलोमीटर जंगल वळतं करायला मंजुरी दिली गेली. ते जंगल जातकुळीने आपल्या मुख्य भूमीपेक्षा सुमात्रा-मलायाच्या वर्षावनांच्या जवळचं आहे; नकाशातही ते बेट चेन्नईपेक्षा सुमात्राला कितीतरी जवळ. शोंपेन लोक तिथे पिढ्यान्‌पिढ्या त्या जंगलाच्या आत राहत आले आहेत. सगळं क्षेत्र एकदम तोडलं जाणार नाही, टप्प्याटप्प्याने जाईल, बराच भाग हिरवाच ठेवू, असं सरकार सांगतं. ते क्षणभर मान्य करू. पण तुटणाऱ्या जंगलाच्या बदल्यात पर्यायी वनीकरण कुठे? हरियाणात. बेटावर त्यासाठी जागा नाही, आणि नियमात दुसऱ्या राज्यात लावायची मुभा आहे.

हरियाणात झाडं लावायला माझा विरोध नाही, उलट हवीतच. अरवलीच्या उघड्याबोडक्या टेकड्यांवर स्थानिक खैर-धावडा परत आला तर त्याहून चांगलं काय? पण ते काम अरवलीसाठी करावं आणि अरवलीच्या नावावर मांडावं. उद्या कुणी म्हणालं, रायगड पाडू द्या, त्याबदल्यात पानिपतच्या मैदानावर तेवढ्याच दगडांचा नवा गड बांधून देतो, तर आपण त्याच्याशी दगडांच्या संख्येवरून घासाघीस करणार नाही. त्याला दारातूनच परत पाठवू. निकोबारच्या बाबतीत मात्र आपण झाडांची संख्या विचारत बसलो आहोत.

संख्येचं हे वेड महाराष्ट्राला चांगलंच परिचयाचं आहे. २०१७ ते २०१९ या काळात राज्याने ५० कोटी झाडं लावायचा संकल्प केला. त्यातली ३३ कोटी २०१९च्या एकाच पावसाळ्यात लावायची होती. शाळा, ग्रामपंचायती, सरकारी कार्यालयं, सगळे कामाला लागले. त्यात राबलेल्या शिक्षकांच्या आणि विद्यार्थ्यांच्या उत्साहाबद्दल मला आदर आहे. प्रश्न आहे तो मोजण्याच्या पद्धतीचा. आपण खड्डे मोजतो, रोपं मोजतो, फार तर तीन वर्षांनी जिवंत रोपांची टक्केवारी मोजतो. कोणती जात, कोणत्या बियाण्याची, त्या डोंगरावर ती पूर्वी होती का, तिच्याखाली आता काय उगवतं आहे, हे रकाने आपल्या नोंदवह्यांत क्वचितच भरले जातात. पुण्याच्या टेकड्यांवर एके काळी झटपट हिरवळ हवी म्हणून गिरिपुष्प लावलं गेलं. ते जगलं, फोफावलं, उपग्रहाच्या चित्रात हिरवं दिसलं; आणि टेकडीवरचं गवत, त्यातली रानफुलं, गवतावर जगणारे पक्षी मागे हटले. कोकणात सामाजिक वनीकरणाने ऑस्ट्रेलियन अकेशियाच्या रांगा उभ्या केल्या, तिथेही तेच. दोडामार्गात डोंगर साफ करून रबर लावलं गेलं. आणि भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येत एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जागेवर दहा टक्के झाडोरा असला की ते वनाच्छादन, मग ती जमीन कुणाचीही असो आणि झाड कोणतंही असो. म्हणजे घनदाट रान गेलं आणि रबर आलं, तरी वनाच्छादनाच्या टक्केवारीला धक्का लागेलच असं नाही. असं मोजणाऱ्या देशात ‘बदली झाडं’ हा शब्दप्रयोग फार धोक्याचा आहे.

विकास हवाच, रस्ते हवेत, बंदरं हवीत, असं म्हणणाऱ्या वाचकाला मी शत्रू मानत नाही. काही वेळा जंगल तोडावंच लागेल. तेव्हा ते तोडताना खरं बोलावं, एवढी माझी मागणी आहे. हे गेलं, ते परत येणार नाही, आणि तरीही आम्हाला हा प्रकल्प हवा आहे, असं मंत्र्यांनी संसदेत आणि विधिमंडळात उभं राहून म्हणावं. मग लोक त्या किमतीवर वाद घालतील. ‘दुप्पट झाडं लावतो आहोत’ असं म्हटलं की तो वाद सुरू व्हायच्या आधीच संपतो, आणि नेमकं त्यासाठीच ते म्हटलं जातं.

पर्यायी वनीकरण ठेवायचं असेल तर ते केपोंगच्या अटींवर ठेवावं. लावलेल्या जमिनीचं काम पुढची शंभर वर्षं बदलणार नाही, याची कायद्याने हमी हवी. आज लावलं, वीस वर्षांनी त्याच जागेवरून महामार्ग गेला, असं आपल्याकडे होऊ शकतं आणि होतं. दर रोपवनाची लावल्यापासूनची नोंद कुणालाही पाहता यावी अशी उघडी असावी. सह्याद्रीच्या प्रत्येक वेगळ्या हवामानाच्या पट्ट्यात, म्हणजे दोडामार्गला वेगळी, महाबळेश्वरला वेगळी, मावळात वेगळी अशी, स्थानिक जातींच्या बियांवर आयुष्यभर काम करणारी छोटी का होईना पण कायमची केंद्रं हवीत. दर पाच वर्षांनी नवा अधिकारी आणि नवी योजना, या पद्धतीने वृक्षसंग्रह होत नाहीत. देशात अशी परंपराच नाही असं नाही. देहरादूनची वनसंशोधन संस्था १९०६ पासून आहे, केरळची पीची इथली संस्था १९७५ पासून. आणि सगळ्यात महत्त्वाचं, लावायची जागा उरलेल्या जंगलाला खेटून हवी, म्हणजे बी तिकडून चालत येईल. कुठल्याशा दूरच्या माळावर, जमीन स्वस्त आहे म्हणून, हे होणार नाही.

केपोंगमध्ये पहिली रोपं लावणाऱ्यांपैकी कुणीही आजचं जंगल पाहिलेलं नाही, आणि ते पाहायला मिळणार नाही हे त्यांना लावतानाच माहीत असणार. तरी त्यांनी लावलं, कारण जमीन मोडलेली होती आणि करण्यासारखं तेच होतं. आपल्याकडेही अशा मोडलेल्या जमिनीला तोटा नाही. चंद्रपूरच्या कोळसा खाणींभोवतीचे मातीचे डोंगर आहेत, गोव्यात लोहखनिजाच्या खाणींनी उलथवलेला प्रदेश आहे. तिथे काम सुरू करायला एकही उभं झाड तोडावं लागत नाही. पर्यायी वनीकरणाचा साचलेला निधी आधी तिकडे वळवावा. आणि निकोबारच्या कागदावर हरियाणाच्या झाडांचा जो रकाना आहे, तो खोडून तिथे फक्त नुकसान लिहावं.